पेठेतली नवी इमारत एकट्या मालकाची नसते

कोल्हापुरात वारसा म्हटलं की ठराविक नावं येतात, अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, न्यू पॅलेस, टाऊन हॉल, सीपीआर हे सरकारी रुग्णालय, खासबागचं कुस्ती मैदान. ह्या वास्तू जपल्या पाहिजेत ह्यात कुणाचं दुमत नाही आणि म्हणूनच त्यांच्यावर मी इथं फार लिहीत बसत नाही. मला बोलायचंय ते त्यांच्या शेजारच्या प्लॉटबद्दल. शिवाजी पेठेत, मंगळवार, शुक्रवार, जुना बुधवार ह्या पेठांत एखादं घर उतरतं आणि तिथं नवीन काहीतरी उभं राहतं, ते किती उंच असावं, रस्त्याकडं त्याचं तोंड कसं असावं, तळाला काय असावं हे सगळं महापालिकेच्या नगररचना विभागाच्या टेबलावर त्या एका प्लॉटपुरतं ठरतं. आणि जुनं कोल्हापूर खरं म्हणजे तिथंच राहतं किंवा जातं. त्यामुळं माझी मागणी दुहेरी आहे. गावठाणातला बांधकाम परवाना हा मालक, बिल्डर आणि महापालिका ह्या तिघांतला व्यवहार राहू नये, गल्लीला त्यात बोलता आलं पाहिजे, आणि त्याचवेळी जुनं जपायचा खर्च एकट्या मालकाच्या डोक्यावर टाकणंही थांबलं पाहिजे. एक मागितलं आणि दुसरं सोडलं की दोन्ही फसतात, हे आपण आजवर बघत आलोय.

शेजारचा प्लॉट म्हणजे काय हे कोल्हापूरकराला वेगळं समजवायला लागत नाही, कारण आपल्याकडं अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव आहे. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि मग 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, ह्या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि देवीच्या पायांपासून वर चेहऱ्यापर्यंत जातात. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी सूर्याची वाट धरून बांधलं. आणि ही वाट देवळाच्या आवारात संपत नाही, ती महाद्वार रोड, ताराबाई रोड, पार रंकाळ्याच्या बाजूपर्यंत लोकांच्या घरांवरून जाते. मध्ये काही वर्षं किरणं पूर्ण पोचली नाहीत तेव्हा हवेतली धूळ, बाष्प, ढग ह्याबरोबर वाटेतल्या इमारतींचे भाग, पाण्याच्या टाक्या, वायरी, झाडाच्या फांद्या असं सगळं तपासायला लागलं, मोजणी झाली, काही अडथळे काढले, काही काढायचे म्हणून चर्चा झाल्या. आता ह्यातला प्रत्येक मजला रीतसर परवाना घेऊन चढला असं आपण धरून चालू. परवाना देणाऱ्यानं प्लॉट बघितला, एफएसआय म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं ते बघितलं, रस्त्याची रुंदी बघितली, सगळं नियमात बसलं. फक्त त्या नकाशावर देवळाची किरणं कुठं दाखवलेलीच नव्हती, आणि जी गोष्ट नकाशात नाही तिचा विचार कुठला इंजिनियर करणार? म्हणून मी म्हणतो की दोष त्या घरमालकाचा नाही आणि एखाद्या अधिकाऱ्याचाही नाही, प्लॉटच्या चार रेषांबाहेर न बघण्याची जी पद्धत आहे ती चुकीची आहे.

किरणोत्सव हे ठळक उदाहरण झालं, त्याला श्रद्धा जोडलेली आहे म्हणून निदान आरडाओरडा तरी होतो. पण तीच गोष्ट गल्लीगल्लीत रोज चाललेली असते आणि तिथं कोण ओरडत नाही.

जुन्या पेठेतल्या घराचा जीव त्याच्या तळमजल्यात असतो असं माझं मत आहे. लोक बोलतात ते कौलांबद्दल, सागवानी खांबांबद्दल, कोरलेल्या चौकटीबद्दल, आणि ते सुंदर असतंच. पण रस्ता म्हणून जे आपण अनुभवतो ते बनतं घडीव दगडाच्या जोत्यानं, दोन पायऱ्यांनी, बाहेरच्या कट्ट्यानं, आत दिसणाऱ्या सोप्यानं. कट्ट्यावर म्हातारी माणसं बसतात, पोरं बसतात, भाजीवाली टोपली टेकवते, गल्लीत कोण आलं कोण गेलं ह्यावर कुणाची तरी नजर असते. आता तिथं अपार्टमेंट होतं तेव्हा पार्किंगचा नियम लागू होतो, तळमजला गाड्यांना जातो, रस्त्याकडं उरतं एक लोखंडी गेट आणि आत अंधार. किंवा मग सगळी शटर्स, जी रात्री नऊनंतर बंद. अशी एक इमारत झाली तर गल्ली सहन करते. ओळीनं पाच झाल्या की त्या गल्लीत संध्याकाळी बसायला जागाच उरत नाही, आणि मग आपण म्हणतो पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत. अहो माणसं तीच आहेत, त्यांना टेकायला कट्टा ठेवला नाही आपण! हे नुकसान कुठल्या वारसा यादीत येत नाही कारण त्यातलं एकही घर एकटं बघितलं तर 'ऐतिहासिक' वगैरे नसतं. ओळ म्हणून मात्र ती ऐतिहासिकच असते.

आणि इथंच मला यादीच्या पद्धतीबद्दल बोलायचंय. ग्रेड एक, दोन, तीन अशी वर्गवारी असते, एकला हात लावायचा नाही, दोनमध्ये आतून थोडं चालतं, तीनमध्ये बऱ्यापैकी मोकळीक. मुंबईनं 1995 ला वारसा नियमावली आणली तेव्हापासून हे आपल्या राज्यात चाललंय आणि त्यात नुसत्या इमारती नाहीत, अख्खे परिसर जपायची तरतूदसुद्धा आहे. पण प्रत्यक्षात आपण यादी करतो ती सुट्या सुट्या वास्तूंची. परिसर नकाशावर आखून, ह्या रस्त्यावर एवढीच उंची, ह्या कोपऱ्यावरून देवळाचं शिखर दिसलं पाहिजे, ह्या ओळीत जोतं सलग राहिलं पाहिजे, असं कागदावर नेमकं लिहून ठेवण्याचं काम कंटाळवाणं आहे, त्याचं उद्घाटन करता येत नाही, त्यावर फीत कापता येत नाही. म्हणून ते मागं पडतं.

जगात हे कुठं केलंय का, तर केलंय. इंग्लंडात 1967 च्या कायद्यानं नुसत्या जुन्या इमारतींऐवजी अख्खे भाग संरक्षित ठरवायला सुरुवात झाली, आज तिथं असे साधारण 10,000 भाग आहेत. तिथं नवीन बांधकामाला बंदी नाही, पण परवाना देताना त्या भागाचं रूप टिकतंय का किंवा सुधारतंय का हे बघणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि अर्ज आला की जागेवर खांबाला नोटीस लागते, 21 दिवस कुणीही आपलं म्हणणं देऊ शकतो. सगळं तिथं छान चाललंय असं मुळीच नाही, त्याच देशातल्या लिव्हरपूलचं नाव युनेस्कोनं 2021 ला जागतिक वारसा यादीतून काढलं. जुनं पाडलं म्हणून काढलं असं नव्हे हो, जुन्या गोदी-बंदराच्या भागात नवीन जे उभं राहत होतं त्यानं त्या जागेचं रूपच बदललं म्हणून. आपला पन्हाळा 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या 12 किल्ल्यांपैकी एक म्हणून त्या यादीत गेलाय. तिथं गडावर गाव आहे, नगरपरिषद आहे, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं आहेत, आणि आता आमचं घर दुरुस्त करायला पण परवानगी मिळणार का ही त्यांची भीती अगदी खरी आहे. त्या भीतीला उत्तर न देता नुसते फटाके वाजवून चालत नाही.

ही भीती कुठून येते ते कोल्हापूरला नीट माहीत आहे. पंचगंगेवरचा शिवाजी पूल इंग्रजांच्या काळातला, 1870 च्या दशकातला. त्याला पर्यायी पूल बांधायचं काम सुरू झालं आणि मध्येच अडलं, कारण शेजारची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित स्थळ आहे आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर पुरातत्त्व कायद्यानं संरक्षित स्थळापासून 100 मीटरात नवीन बांधकामाला सरळ बंदी आहे, पुढच्या 200 मीटरात परवानगी लागते. ब्रह्मपुरी साधीसुधी जागा नाही. 1940 च्या दशकात तिथं झालेल्या उत्खननात सातवाहन काळातली वस्ती मिळाली, रोमन जगाशी व्यापार दाखवणाऱ्या वस्तू मिळाल्या, समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली जी आज टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. ती टेकडी जपायलाच पाहिजे. पण अर्धवट पूल नदीत तसाच उभा आणि सगळी वाहतूक जुन्या अरुंद पुलावरून, असं वर्षानुवर्षं चाललं, आंदोलनं झाली, दिल्लीपर्यंत फेऱ्या झाल्या, आणि जानेवारी 2018 मध्ये त्या जुन्या पुलावरून मिनीबस कठडा तोडून नदीत पडली, 13 माणसं गेली. त्या अपघाताला एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर कोल्हापूरच्या सामान्य माणसाच्या मनात हेरिटेज म्हणजे अडवणूक असं जे बसलं ते पुसायला फार वेळ लागणार आहे, आणि वारशावर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याला चूक म्हणण्याआधी हे समजून घ्यायला पाहिजे. सरसकट 100 मीटरची पट्टी टाकणारा नियम जागा बघत नाही, आणि सरसकट एफएसआय देणारा नियमही जागा बघत नाही. दोन्हीकडं रोग एकच आहे.

घरमालकाचं दुखणं तर आपण कधी ऐकूनच घेत नाही. वाड्याला सहा भावांचे वारस, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नावांची रांग, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला. खाली जुने भाडेकरू, त्यांचं भाडं महिन्याच्या लाईट बिलाएवढंसुद्धा नसतं. तुळईला वाळवी, पावसाळ्यात भिंतीला ओल, संडास अंगणाच्या पलीकडं, आजीला जिना चढता येत नाही. कौलं शाकारणारा माणूस शोधून मिळत नाही, चांगला सुतार मिळाला तर सागाचा भाव ऐकून परत पाठवायला लागतो. अशा घरात राहणाऱ्याला बाहेरून येऊन कोण म्हणालं की वा काय वाडा आहे, हा पाडू नका, तर त्याला राग येणारच. तो राग रास्त आहे. वर शहराची हद्दवाढ वर्षानुवर्षं लटकलेली, 66 चौरस किलोमीटरच्या आसपास सगळं कोंबलेलं. नदीकाठाला 2019 आणि 2021 च्या महापुरानं दाखवून दिलं की 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी 55 फुटांच्या वर जाऊ शकतं. मग पाणी न चढणारी, बाजाराजवळची, देवळाजवळची जागा सगळ्यांनाच हवी, आणि ती नेमकी जुन्या गावठाणात. भाव तिथं चढणारच.

त्यात आता मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं. ऑगस्ट 2025 मध्ये सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हायकोर्टाचं काम सुरू झालं आणि कोल्हापूरची कित्येक वर्षांची मागणी पूर्ण झाली. मला ह्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली आनंदाची, की जुनी दगडी इमारत दुरुस्त करून तिच्यात आजचं काम उत्तम चालू शकतं हे आपण स्वतःच करून दाखवलं, त्यासाठी परदेशातले दाखले द्यायला नकोत. दुसरी काळजीची, की भाऊसिंगजी रोड आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत वकिलांची ऑफिसं, लॉज, हॉटेलं, पार्किंग ह्यांची मागणी वाढणार आणि प्रत्येक जुन्या घराच्या दारात बिल्डर उभा राहणार. तो यायच्या आधी त्या गल्ल्यांचा नियम ठरला पाहिजे, नंतर ठरवून उपयोग नाही.

देवळाच्या परिसराचंही तेच. मे 2025 ला चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिर परिसराच्या विकास आराखड्याला सुमारे 1445 कोटींची मंजुरी मिळाली, जोतिबाला सुमारे 259 कोटी. पैसा येतोय ते चांगलंच आहे, नवरात्रात त्या गर्दीत ज्यांनी लेकराला कडेवर घेऊन रांग लावलीय त्यांना स्वच्छतागृह, सावली, पार्किंग ह्याची किंमत कळते. देवळाच्या आवारात बुजवलेलं मणिकर्णिका कुंड उकरून पुन्हा मोकळं केलं, ते काम बघून मलाही समाधान वाटलं. पण सभोवार मोठ्ठी मोकळी जागा केली की देऊळ उठून दिसतं ही जी कल्पना सगळीकडं निघालीय ती मला पटत नाही. अंबाबाईचं देऊळ गजबजलेल्या पेठेच्या मधलं देऊळ आहे. गुजरी, जोतिबा रोड, महाद्वार रोडवरची ओटी-नारळाची, साजाची, तांब्या-पितळेची दुकानं, त्यांच्या वरच्या माडीवर राहणारी कुटुंबं हे त्या क्षेत्राचंच अंग आहे, किती तरी घरांचा देवीच्या सेवेशी पिढ्यांचा संबंध आहे. ती माणसं उठवून फरशी घातली तर शिल्लक राहील ते उन्हात तापणारं मैदान. जिथं भूसंपादन टाळताच येत नाही तिथं त्याच परिसरात पुनर्वसन आधी आणि पाडापाडी नंतर, एवढं तरी लेखी पाहिजे.

आणखी एक गोष्ट खटकते ती म्हणजे 'हेरिटेज लुक'. सिमेंटच्या इमारतीला फायबरच्या कमानी, दगडाच्या चित्राच्या टाईल्स, वर एक छत्री. ह्याला परवानगी देऊन वारसा जपला असं कुणी समजू नये. नवीन इमारत नवीन दिसायला काहीच हरकत नाही. इंग्रज वास्तुकार मेजर मँटनं न्यू पॅलेसचा आराखडा केला, 1884 ला तो पूर्ण झाला, त्याच सुमारास आजच्या सीपीआरची इमारत उभी राहिली, त्याआधी टाऊन हॉल, ह्या सगळ्या त्यावेळी कोल्हापूरला नवख्याच होत्या, घुमट, कमानी, घड्याळाचा मनोरा असलं एकत्र आधी कुणी बघितलेलं नव्हतं. पण त्या इथल्या काळ्या दगडात, मोकळ्या जागेवर बांधल्या, पेठेच्या छातीवर नाही. आणि शहर वाढायला लागलं तेव्हा शाहू महाराजांनी 1895 ला शाहूपुरी वसवली, नवीन व्यापाराला नवीन पेठ दिली, आखीव रस्ते दिले. पुढं लक्ष्मीपुरी, राजारामपुरी झाल्या. वाढीला जागा बाहेर द्यायची म्हणजे आतल्यावर तिचा भार पडत नाही, हे शहाणपण आपल्याच संस्थानात होतं. ते सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी जमलं आणि आज हद्दवाढीच्या राजकारणात आपल्याला जमत नाही, ह्याचं खरंच वाईट वाटतं.

पेठेत नवीन बांधा, जरूर बांधा, मजबूत बांधा, लिफ्ट घाला, आजीला खाली-वर करता येऊ दे. फक्त रस्त्याकडची उंची शेजारच्यांच्या ओळीत ठेवा, जादाचा मजला घ्यायचाच असेल तर मागं सरकवून घ्या, जोतं दगडाचं ठेवा, तळाला कट्टा आणि उघडझाप होणारं दार ठेवा, पार्किंग पेठेच्या कडेला सामायिक करा. हे करताना मालकाचा जो एफएसआय बुडतो तो टीडीआर म्हणून, म्हणजे दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क म्हणून, त्याला मिळालाच पाहिजे, आणि तो लगेच मिळाला पाहिजे. वारसा टीडीआरची तरतूद नियमात आहे, अहमदाबादनं पोळांतल्या, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्यांतल्या, घरांसाठी ती वापरलीसुद्धा. पण सामान्य घरमालकाला तो कागद हातात पडून बाजारात विकला जाईपर्यंत किती दारं झिजवायला लागतात ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. दुरुस्तीचंही तसंच. नवीन बांधकामाच्या अर्जावर 60 दिवसांत निर्णय द्यायचं बंधन राज्याच्या नगररचनेच्या एमआरटीपी कायद्यात आहे, तर कौलं बदलायला, तुळई बदलायला निघालेल्या माणसाला दोन आठवड्यांत हो किंवा नाही का मिळू नये? जपणाऱ्याला पाडणाऱ्यापेक्षा जास्त त्रास होतोय तोपर्यंत लोक पाडतच राहणार.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर आलं होतं, माणसं ढसाढसा रडत होती, आणि होतं तसंच परत उभं करा ही मागणी एका सुरात झाली. 2022 ला जयप्रभा स्टुडिओची जागा विकली गेल्याचं कळलं तेव्हाही लोक आंदोलनाला बसले. हे प्रेम दिखाऊ नाही, पण ते दरवेळी आग लागल्यावर किंवा व्यवहार झाल्यावरच जागं होतं, कारण त्याआधी आपल्याला कुणी काही सांगतच नाही. आधी सांगायची सोय करणं एवढं अवघड आहे का? कोल्हापुरात प्रत्येक पेठेत तालीम आहे, तालमीचं मंडळ आहे, तिथं माणसं रोज जमतात, पूर आला की पहिली बोट, पहिलं जेवण तिथून निघतं. गावठाणातल्या प्रत्येक नव्या बांधकामाचा अर्ज, समोरून दिसणारं चित्र आणि शेजारच्या घरांची उंची दाखवणारा साधा कागद त्या भागातल्या तालमीच्या फळ्यावर आणि जागेवर तीन आठवडे लावायचा, हरकती वॉर्ड ऑफिसात घ्यायच्या, आणि प्रत्येक हरकतीचं उत्तर परवान्याला जोडायचं. मंडळाला मंजुरीचा अधिकार द्यायचा नाही, नाहीतर वसुलीचं नवीन दुकान सुरू होईल ही शंका रास्त आहे, निर्णय नगररचनाकारानंच घ्यायचा आणि सहीसकट कारण लिहून घ्यायचा. बिल्डर म्हणतील उशीर होतो. 60 दिवसांच्या मुदतीत हे तीन आठवडे बसतात, आणि नंतर कोर्टात अडकून जी वर्षं जातात त्यातली काही वाचतील सुद्धा.